लोव्रेच्या थडग्यावरच्या घंटुल्या

प्रिय पेरिना,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय. त्यातून भलता अर्थ काढू नकोस. साध्या बोलण्यातून भलता अर्थ काढायची तुला जुनी खोड आहे. एका माणसाने एकदा तुला म्हटलं, ‘निळा रंग काय खुलतो गं तुला,’ आणि तेवढ्या भांडवलावर तू अख्खं आयुष्य उभं केलंस. तो माणूस तेव्हा माझा नवरा होता, ही बारीकशी गोष्ट मात्र तुझ्या ध्यानात आली नाही.

असो. आधी फुलाची बातमी देते, कारण कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचायचा तुला धीर नसतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच माणसाच्या, लोव्रेच्या, थडग्यावरची घंटुली जगलीय. मे महिन्यात तू बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर रिकामं करून तरातरा निघून गेलीस, त्यानंतर ती कितीतरी दिवस मान टाकून होती. पानं पिवळी, देठ लोळागोळा. मी म्हटलं, गेली. त्या माणसाच्या सहवासात टिकलंय कोण? पण जूनच्या अखेरीला मधोमध बारीक हिरवे कोंब दिसले, आणि आता सप्टेंबर लागल्यावर तिला चक्क फुलं आलीत. थोडीच आहेत, पण आहेत. निळी-जांभळी, पाच पाकळ्यांची, वर तोंड करून उघडलेली. त्याच्या उशाशी इतकं देखणं काही उभं आहे हे पाहून माझा जीव जळतो, पण त्यात रोपाचा काय दोष?

ओसियेकला भाचीकडे कसं चाललंय? तिथली माती म्हणे काळी, लोण्यासारखी. नुसती काठी खोचली तरी पालवते. म्हणजे तुझ्यासारखीची सोय झाली. ज्याला काही येत नाही त्याने तिथेच बाग करावी. फक्त घंटुली लावायच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्याच हिवाळ्यात मुळं कुजतील. सुपीक माती म्हणजे तिला शिक्षा. ती आपल्या बियोकोवो डोंगराच्या कड्यावर, चुनखडीच्या फटीत जन्मलेली. मूठभर माती, सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, आणि लोकांनी जरा आपल्याला आपल्या जागी राहू द्यावं, एवढंच तिचं मागणं. माझं तिच्याशी पटतं ते उगाच नाही.

तुला आठवत नसेल, सोयीचं तेवढंच तुला आठवतं, पण ती माझ्या भिंतीवर आली तेव्हा तू माझ्यासोबत होतीस. आपण दोघी सार्डिनच्या कारखान्यात एकाच टेबलाशी माशांची डोकी छाटायचो. केसांना वास, नखांना वास, झोपायच्या उशीलाही वास. रविवारी तो वास घालवायला डोंगर चढायचो. आईने सांगितलं होतं, परसातली भिंत बोडकी दिसते, वरून काहीतरी घेऊन ये. मी कपारीतून चाकूच्या टोकाने एक तुकडा मुळांसकट अलगद सोडवला, ओल्या शेवाळात गुंडाळला. तू तोवर खडकावर बसून पाय हलवत माझ्या वाटणीची अंजिरं खात होतीस. ‘एवढ्याशा गवतासाठी कशाला गं मरतेस?’ म्हणालीस. खाली आल्यावर मी दोन दगडांमधला जुना चुना खरवडला, त्या फटीत तो तुकडा बसवला आणि वरून एक खडा ठोकून पक्का केला. पहिली दोन वर्षं ती नुसती चिकटून होती. तिसऱ्या वर्षी भिंत निळी झाली. आई शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायची. तू तेव्हा दर दोन दिवसांनी घरी यायचीस, माझ्या आईच्या हातचा बटाटा-पालेभाजीचा वाडगा चाटूनपुसून खायचीस आणि भिंतीकडे ढुंकूनही पाहायची नाहीस, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती हे मला मे महिन्यात कळलं, पण त्यावर नंतर येते.

लोव्रे लग्नानंतर आमच्याकडे राहायला आला तो एक सुटकेस, एक कंगवा आणि एक गळा घेऊन. गळा होता, ते मी नाकारत नाही. गावातल्या गाण्याच्या मंडळात तो डोळे मिटून वरचा सूर धरायचा तेव्हा जेवणाऱ्या बायकांच्या हातातले काटे थांबायचे. दिवसा हॉटेलात वेटर, संध्याकाळी गायक, आणि घरी आला की सोफ्यावर पडलेला ओंडका. आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत त्याने घरासाठी एकच काम केलं. त्याच्या बहिणीकडचे पाहुणे यायचे होते म्हणून परसातली भिंत रंगवायला घेतली. जून महिना, घंटुली ऐन बहरात. मी कारखान्यातून आले तर हा शिडीवर, हातात कुंचा, आणि फुलांवरून, कळ्यांवरून, पानांवरून सरसकट चुना फासत चाललाय. वर गुणगुणतोय. मी ओरडले तर म्हणतो कसा, ‘अगं, गवत तर आहे. पांढरं बघ कसं स्वच्छ दिसतं!’ त्या पांढऱ्या थराखाली फुलांचे उंचवटे दिसत होते, चादरीखाली कुणी झोपावं तसे. मी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत बसले. जे पुसता येईना ते भिंतीलगत कापून टाकलं. पुढच्या वसंतात ती चुन्याला तडे देत बाहेर आली, आधी होती त्याच्या दुप्पट. आणि हा गृहस्थ पाहुण्यांना भिंतीपुढे उभं करून सांगायला लागला, ‘ही माझी लागवड.’

असा माणूस तू पळवलास. ‘पळवलास’ हा शब्दसुद्धा मोठा होतो. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे. तो भर दुपारी, सगळं गाव खिडकीत उभं असताना, तीच सुटकेस घेऊन रमतगमत चालत गेला, आणि जाताना माझी चांगली छत्री घेऊन गेला. मी परसात जाऊन घंटुलीची वाळलेली फुलं कापायला बसले. शेजारच्या तादियाकाकांनी, अख्ख्या गावाच्या बार्बांनी, भिंतीवरून डोकं काढून विचारलं, ‘विंका, पोरी, रडत नाहीस?’ मी म्हटलं, ‘बार्बा, पहिला बहर सरल्या सरल्या छाटलं नाही तर दुसरा बहर येत नाही.’ त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि गावभर सांगितलं की विंकाला काळीजच नाही. मग गावानेही निकाल देऊन टाकला: विंकाची जीभ कुणाला सोसणार? पेरिना कशी गोड आहे! होतीस बाई गोड. मुंग्या लागतील इतकी गोड होतीस.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं आपण बोललो नाही. बेकरीच्या रांगेत तू पुढे असलीस की मी पाव न घेता घरी जायचे. चर्चमध्ये तू नेमकी माझ्या पुढच्या बाकावर, त्याच्या दंडाला धरून, निळ्या पोशाखात. तुझ्या मानेकडे पाहत मी कितीतरी प्रार्थना पुऱ्या केल्या. त्यातली एकही तुझ्या भल्याची नव्हती.

फेब्रुवारीत तो गेला. डोंगरावरून असा गार वारा सुटला होता की मंडळाचे म्हातारे त्याच्या थडग्यापाशी गायला उभे राहिले तर त्यांचे सूर तोंडातून निघताच समुद्रावर उडून गेले. मी मागे सायप्रसच्या झाडाच्या आडोशाला उभी होते. लोकांना वाटलं शोक करायला आले. मी त्याला नीट पुरलंय याची खात्री करायला आले होते. पाद्री ‘प्रेमळ पती’ म्हणाले तेव्हा मला खोकला आला, आणि तू काळ्या जाळीतून मागे वळून पाहिलंस. तुझा चेहरा लहान झाला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग महिन्याभराने तू माझ्या फाटकाशी आलीस, हातात केकची बशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि काय बोललीस? ‘विंका, ते तुझं निळं फूल थोडं देशील? त्याच्या थडग्यावर लावायचंय. त्याला फार आवडायचं गं.’ आवडायचं! मी म्हटलं, ‘आवडायचं म्हणून चुना फासला होता का? बाजारातून आण,’ आणि दार लावून घेतलं. बशी तू पायरीवर ठेवून गेलीस. केक मी कोंबड्यांना घातला. त्यांनीही जरा विचार करूनच खाल्ला.

तू खरंच बाजारातून आणलंस. माझ्या आईचं थडगं तुमच्या थडग्याच्या खालच्याच रांगेत, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मला फुकटात पाहायला मिळाला. पहिलं रोप तू सोनेरी कागदासकट शिळेवर ठेवलंस, भर उन्हात, आणि रोज येऊन इतकं पाणी घातलंस की कागदात तळं साचलं. ते बुडून मेलं. दुसऱ्याला तू कोंबड्यांची विष्ठा घातलीस. ज्या रोपाचा पिढ्यान्‌पिढ्या दगडावर संसार चालतो त्याला तू मेजवानी दिलीस. आठवड्यात पानं करपून काळी. तिसऱ्याभोवती तू पेंढा अंथरलास, ऊब मिळावी म्हणून, आणि पेंढ्याखाली गोगलगायींनी घर केलं. सकाळी मी पाहिलं तर नुसते दांडे उभे होते. तीस वर्षं त्या माणसाला जगवलंस आणि एक घंटुली जगवता येईना! तो बरा जगला, म्हणते मी. त्यालाही तू असंच पाण्यात, खतात आणि पेंढ्यात ठेवलं होतंस.

आणि मग ती मेमधली सकाळ. नुकतं उजाडलं होतं. मी खिडकीच्या फळ्यांआडून पाहतेय तर तू माझ्या परसात. चर्चचे काळे बूट घालून, माशांच्या लाकडी खोक्यावर चढून, दोन्ही हातांनी माझी भिंत ओरबाडतेयस. चोरी करायची तरी नीट करावी! घंटुली ओढून निघत नाही, पेरिना. तिची मुळं भिंतीच्या आत हातभर गेलेली असतात. ओढली की मानेशी तुटते, आणि हातात येतो नुसता पाल्याचा झुपका. तो झुपका तू हँडबॅगेत कोंबलास. हँडबॅगेत! रुमाल, चष्मा, जपमाळ आणि माझी घंटुली. मी ओरडले नाही. का, ते विचारू नकोस. सत्तरी गाठलेली बाई दुसऱ्याच्या परसात खोक्यावर उभी राहून, नाक पुसायलाही हात मोकळा नाही इतकी रडत पाला उपटतेय, हे दृश्य रोज थोडंच पाहायला मिळतं?

पण तू गेल्यावर मला बसवेना. तू तो पाला नेऊन काय करणार ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ते सहन होत नव्हतं. मी भिंतीच्या खालच्या अंगाने एक चांगला गड्डा मुळांसकट सोडवला, शेवाळात गुंडाळला, छिन्नी-हातोडी घेतली आणि थडग्यांची टेकडी चढले. मे म्हणजे खरं तर फार उशीर झालेला. ही कामं मार्चमध्ये करायची, नाहीतर सप्टेंबर उतरल्यावर. पण मार्चमध्ये तुला केक सुचला होता. वर येऊन पाहते तर तू गुडघ्यांवर बसून तो पाला शिळेजवळच्या खडीत खोचतेयस. मी म्हटलं, ‘काय गं, त्याला सॅलड वाढतेस का?’ तू दचकलीस. मग म्हणालीस, ‘हस. तू हसणार हे मला ठाऊकच होतं.’ मी म्हटलं, ‘अजून हसले नाही. ऊठ तिथून. बादली भरून आण.’

तू मुकाट्याने बादली भरून आणलीस. शिळेच्या मागच्या दगडी बांधात, उगवतीच्या बाजूला, मी एक फट निवडली. आतला भुसभुशीत चुना छिन्नीने काढला. मुळांना ओली माती लिंपली, तो गड्डा आत सारला, बाजूने शेवाळ दाबलं, आणि खालून पाचर मारावी तसा चपटा दगड ठोकला. तू बादली धरून उभी होतीस आणि मी मागेन तेवढंच ओंजळभर पाणी देत होतीस. किती वर्षांनी आपण एका कामाला हात लावला होता! मी ठोकता ठोकता म्हटलं, ‘आणि ते आवडायचं-बिवडायचं आता बंद कर. त्याला फक्त स्वतःचा आवाज आवडायचा.’ तू म्हणालीस, ‘त्याला नव्हतंच आवडत. मला आवडतं. भिंत निळी झाली तेव्हापासून. तुझ्या भिंतीवरून जाताना रोज बघायचे. पण मला आवडतं म्हणून मागितलं असतं, तर दिलं असतंस?’ मी म्हटलं, ‘नाही.’ तू म्हणालीस, ‘मग?’

मी पुन्हा दगड ठोकायला लागले. आणि त्या ठोकाठोकीतच तू बोलून गेलीस. ‘विंका, तो रियेकाला नव्हता गेला.’

मला आधी कळेचना. मग आठवलं. आजारी पडायच्या आधीचे दोन हिवाळे तो गावात नव्हता. तू सगळ्यांना सांगायचीस, रियेकाच्या गोदीत रात्रपाळीचा रखवालदार म्हणून लागलाय, काय करणार, घरी बसवत नाही त्याला. ‘स्प्लिटला होता,’ तू म्हणालीस. ‘एका केस कापणाऱ्या बाईकडे. तिने त्याचे केस काळे करून दिले होते. मला म्हणाला, पेरिना, तू चांगली आहेस, पण घरात गाणं उरलं नाही. मग आजारी पडला. तिने त्याची सुटकेस जिन्यात ठेवली आणि मला फोन केला: बाई, तुमचं सामान घेऊन जा.’ मी विचारलं, ‘आणि तू गेलीस?’ ‘गेले. बसने. त्याच्या केसांचा रंग निम्मा उतरला होता. बसमध्ये लोक बघत होते.’ मी विचारलं, ‘कुणाला बोलली नाहीस?’ तू बादलीकडे बघत म्हणालीस, ‘कुणाला बोलले असते तर तुझ्या कानावर आलं असतं. तू हसली असतीस. त्याचं जाणं सोसलं मला, विंका. तुझं हसणं सोसलं नसतं.’

आणि मी हसले.

आपल्या आईबापांच्या थडग्यांमध्ये उभी राहून, हातात हातोडी, पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खाली फुलं घेऊन आलेल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. तुझा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग ती बादली. नेम बाकी चांगला होता तुझा. दुसऱ्या दिवशी तुझ्या खिडक्यांच्या फळ्या बंद दिसल्या. बार्बा तादिया, आता नव्वदीला टेकलेत तरी गल्लीतलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही, म्हणाले, ‘पेरिना पहाटेच्या बसने गेली. भाचीकडे. तू तिला काय केलंस?’ मी म्हटलं, ‘मी? भिजले ती मी.’

आता त्या हसण्याचं सांगते, कारण तू ते डोक्यात घेऊन गेलीस. मी तुला हसले, नाही म्हणत नाही. निम्म्या रंगाच्या केसांच्या त्या म्हाताऱ्याला बसमध्ये शेजारी बसवून आणणारी तू, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला अजून हसू येतं. पण सगळं हसू तुझ्या वाटणीचं नव्हतं. एवढी वर्षं मी एका समजुतीवर काढली. त्या माणसात काहीतरी असणार, जे मला राखता आलं नाही आणि तुला आलं. तुझ्याकडे काहीतरी हातोटी असणार. चर्चमध्ये तुझ्या मानेकडे पाहत मी तीच शोधत बसायचे. कपडे असतील का? गोड बोलणं असेल का? मी जीभ आवरली असती तर? शेगडीशी उभी असताना, कपडे वाळत घालताना, कोंबड्यांना दाणे टाकताना मी हाच हिशोब करायचे. आणि तू सांगतेस काय, तर तुझ्याही हाताला काही लागलं नव्हतं! ठेवण्यासारखं तिथे काही नव्हतंच. दोन धडधाकट बायका, माशांची डोकी एका फटक्यात उडवणाऱ्या, आणि एका कंगव्यापायी एकमेकींना बेकरीत टाळत म्हाताऱ्या झाल्या. यावर हसू नको तर काय करू? रडायचं ठरवलं असतं तर छाटणीची किती वर्षं बुडाली असती!

उन्हाळाभर मी टेकडीवर जात होते. लोकांनी त्याचाही भलता अर्थ काढला. पाद्रींनी रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतला, ‘विंका, क्षमा ही मोठी गोष्ट आहे.’ मी म्हटलं, ‘फादर, मी गोगलगायी मारायला जाते.’ तेच करत होते. एकेक वेचून त्याच्या नावाच्या अक्षरांवर चिरडली. शिळा मग धुऊन काढली, काळजी करू नकोस. ऑगस्टच्या भाजणाऱ्या दिवसांत तेवढं बुडाशी पाणी घातलं, तेही ओंजळभर, पानांवर थेंब पडू न देता. वाळलेलं सगळं खुडून टाकलं. त्याची जुनी प्लास्टिकची फुलंही काढून फेकली. ती तू ठेवली असशील तर माफ कर, आणि त्याच्या बहिणीने ठेवली असतील तर फारच उत्तम झालं. मधूनमधून त्याच्याशी बोलायचेही. तिथे त्याला उठून सोफ्यावर जाता येत नाही, हा मोठा फायदा.

परवा तुझ्या भाचीचा, तेनाचा, फोन आला. घाबरलेली वाटली. म्हणाली, ‘विंकामावशी, तुमच्यात काही झालंय का? पेरिनामावशी दिवसभर खिडकीशी बसते. जेवत नाही, बोलत नाही. गावातलं घर विकून टाका म्हणते, परत जायला मला तोंड नाही म्हणते.’ मी म्हटलं, ‘झालं ते तीस वर्षांपूर्वी, नवीन काही नाही,’ आणि फोन ठेवून हे लिहायला बसले. तोंड नाही म्हणे! स्प्लिटची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, बार्बा तादियांनासुद्धा नाही, आणि माझी जीभ कशी आहे हे गावाला ठाऊक आहे, तेव्हा मला किती कष्ट पडले असतील ते समज. इथे वेगळंच सुरू झालंय. लोव्रे काय माणूस होता, काय गळा होता, काय मन होतं! मंडळवाले त्याच्या नावाने गाण्याची संध्याकाळ ठेवणार आहेत. मी एकटीने किती जणांशी भांडू? तो किती पोकळ होता हे पुराव्यानिशी जाणणाऱ्या आपण दोघीच, आणि त्यातली एक ओसियेकच्या खिडकीत जाऊन बसलीय. स्प्लिटवालीला मी हिशोबात धरत नाही. तिने दोन हिवाळ्यांत ओळखलं, ती आपल्याहून हुशार निघाली. तू परत ये, पेरिना. घर सोडावं, जेवण सोडावं, एवढी त्याची लायकी नव्हती, आणि पळून जावं एवढं माझं हसणंही काही मोठं नाही. एकटीला घर खायला उठलं तर माझ्या आईची खोली रिकामी आहे, खिडकी त्या भिंतीवरच उघडते. महिनाअखेरीला मी भिंतीवरची घंटुली विभागायला घेणार आहे. एक तुकडा तुझ्या दाराशी लावू. मी लावीन; तू फक्त बादली धरायची, आणि काम झालं की खाली ठेवायची. कुठल्या बसने येतेस ते तेनाला कळवायला सांग. मी थांब्यावर येईन. तुझी बॅग उचलणार नाही.

तुझीच, आणि याला आता दोघींचाही इलाज नाही,
विंका